अष्टमीची मोजणी

करावे गावामागे, बांधावर,
सकाळी सव्वासहाला मी पट्टी धरून उभा.
माझं काम तेवढंच: पट्टी हलू द्यायची नाही.
मॅडम दुर्बिणीतून आकडा वाचतात
आणि खाडी कुठे संपली
ते कागदावर ठरतं.

भरतीची रेषा आखायची होती.
रेषेच्या आत कांदळवन, त्यापुढे पन्नास मीटर मोकळं,
त्यापुढे ज्याचं त्याचं नशीब.
नियम चांगला आहे.
मी दोनदा वाचलाय, डबा खाता खाता.

दुसाने मॅडम साक्रीच्या. तिकडे खाडी नाही.
गमबूट नवे, फाइली चौदा, मुदत शुक्रवारची.
भरतीची वेळ त्यांनी मोबाइलवर बघितली होती,
वेळ बरोबर होती.
दिवस चुकला होता.

"पाणी इथवरच येतं का हो?"

पाणी लांब होतं,
बोलावल्याशिवाय आलेल्या सोयऱ्यासारखं
अंगणाबाहेरच घुटमळत.
आज अष्टमी.
बाप म्हणायचा, भांगाचं पानी म्हंजे आजारी मानूस,
उठून बसंल, पन उंबरा वलांडनार नाय.
मोजाचं तं पुनवेला ये.

बाप मिठागरावर होता.
घोट्याला पाणी कुठे लागतं त्यावरून तिथी सांगायचा.
आमच्या ऑफिसात तिथी
कॅलेंडरच्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात,
आणि मोजणीचा दिवस
गाडी मोकळी असेल तो.

अजून एक सांगायचं राहिलं.
बांधाखालचा पाइप.
कोणीतरी त्यात सिमेंटच्या गोणी कोंबल्यात, भिजून दगड झालेल्या.
आतल्या तळ्यात तीन वर्षं नवं पाणी नाही.
तिवरं उभ्या उभ्या मेली,
निवट्या गेल्या, चिंबोऱ्या गेल्या,
रोहित आता रस्त्याच्या भिंतीवर उतरतात,
गुलाबी ऑइलपेंट, एक पाय, चोच उलटी.

तक्रार झाली होती. समिती आली.
समितीने बोर्ड लावला, बांधाच्या खाडीकडच्या अंगाला:
कांदळवन तोडणे हा दंडनीय गुन्हा आहे.
तोडलं कोणी?
कोणीच नाही. कोयता लागलाच नाही.
फक्त पाणी अडवलं,
आणि अडवण्याला त्या बोर्डावर जागा पुरली नाही.
आता मेलेल्या झाडाला 'विरळ झुडपे' म्हणता येतं,
विरळ झुडपांना 'कोरडी जमीन',
आणि कोरड्या जमिनीला
एकदा आकडा लागला की भाव.

पट्टी धरणाऱ्याने बोलायची रीत नाही.
बोललो.
मॅडमनी दुर्बिणीवरून डोळा काढला,
बराच वेळ नुसत्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या,
चपलेला कोरडी धूळ होती.
"पौर्णिमा कधी?"
"येत्या बुधवारी."
"मुदत शुक्रवारपर्यंत. जमतंय."

मोजणी अपूर्ण राहण्याची कारणं छापील असतात:
पाऊस. वाहन. बंदोबस्त. ग्रामस्थांचा विरोध.
त्यांनी 'इतर'पुढे खूण केली
आणि हाताने लिहिलं, अष्टमी.
साहेबांनी त्याभोवती लाल गोल केला.
प्रश्नचिन्हसुद्धा.

बुधवारी गाडी मिळाली नाही.
मंत्रालयातून कोणी यायचं होतं,
वृक्षारोपण होतं, बेलापूरला,
खड्डे आधीच खणलेले.

रात्री मी एकटा गेलो. पट्टी ऑफिसात, कुलुपात,
म्हणून बापाची जुनी काठी घेतली,
मिठाचा फावडा मोडल्यावर उरलेली.
साडेबारा वाजले.
मागे मनोऱ्यांचे दिवे, पुढे काळं सपाट काहीतरी,
मग ते सपाट सरकायला लागलं,
आवाज न करता,
बोर्डाच्या पायाशी आलं, थांबलं नाही.

एका गोणीला हात घालून बघितला. हलली नाही.
दुसरीच्या फटीतून पाणी आत गेलं,
करंगळीएवढं,
सुस्कारल्यासारखं.

काठीवर ओल कुठवर चढली
तिथे मी चाकूने खाच पाडली.
बोर्डाच्या खांबावर पावणेदोन हात.

आकडा माझ्याकडे आहे.
शुक्रवारी काठी घेऊन ऑफिसात गेलो,
वॉचमन म्हणाला, लाकूड आत नेता येणार नाही,
बाहेर ठेव.